अकिहाबारात खरेदीला जाताय? आधी वरचा मजला, मग खालचा, पाकीट सगळ्यात शेवटी

मी निशीकसाईत राहतो, त्यामुळे पुण्यामुंबईहून टोकियोला आलेला प्रत्येक भाचा, पुतण्या आणि मित्राचा मुलगा मला एकच सांगतो की अकिहाबाराला (अॅनिमे, गेम आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा भाग) घेऊन चल. आणि जवळपास सगळे तीच चूक करतात. स्टेशनातून बाहेर पडतात, समोर पहिलं दुकान दिसतं, आत जातात, डोळे फिरतात आणि अर्ध्या तासात निम्मं बजेट संपतं. मग तिसऱ्या इमारतीत तीच मूर्ती (फिगर, म्हणजे अॅनिमे-गेममधल्या पात्राची) निम्म्या किमतीत दिसते आणि उरलेला दिवस तोंड पाडून फिरतात. मी स्वतःही पहिल्यांदा हेच केलं होतं, कुणाला हसत नाहीये.

म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून ठेवतोय. क्रम महत्त्वाचा आहे, मधल्या पायऱ्या गाळू नका.

## १. घरी बसून करायचं काम (हेच लोक करत नाहीत)

आधी हे ठरवा की तुम्हाला हवं ते अकिहाबारात मिळतं का. फिगर, जुने गेम, गनप्ला (गंडम रोबोची जोडायची मॉडेलं), ट्रेडिंग कार्ड, जुनी मांगा (जपानी कॉमिक), गाचापोन (नाणी टाकून फिरवलं की डबीत खेळणं देणारी मशीन), इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग यासाठी अकिहाबारा बरोबर आहे. पण पोकेमॉन सेंटर शोधत इथे येऊ नका, ते इकेबुकुरोच्या सनशाइन सिटीत, निहोम्बाशीत आणि शिबुयात आहे. निन्तेन्दोचं स्वतःचं दुकान शिबुया पार्कोमध्ये आहे. मुलींना आवडणाऱ्या मालिकांचा माल इकेबुकुरोच्या ओतोमे रोडला जास्त चांगला मिळतो, अॅनिमेट या दुकानसाखळीचं मुख्य दुकानही तिकडेच आहे. माझ्या एका पाहुणीने अर्धा दिवस अकिहाबारात पिकाचू शोधण्यात घालवला, पिकाचू मिळाला पण तिला हवा होता तो नाही.

मग यादी करा, पण इंग्रजी नावांची यादी इथे फारशी कामाची नाही. मालिकेच्या विकिपीडिया पानावर जा, भाषा बदलून जपानी करा आणि जपानी लिपीतलं नाव कॉपी करून फोनच्या नोट्समध्ये टाका. पात्राचं नाव, मालिकेचं नाव, फिगर असेल तर कंपनीचं नाव आणि एक फोटो. दुकानातल्या माणसाला स्क्रीन दाखवली की काम होतं, उच्चार करत बसायची गरज नाही.

यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे एक किंमत हवी. सुरुगाया, मांदाराके आणि अॅमिअॅमी या असा माल विकणाऱ्या तीन दुकानांच्या साइट आहेत, तिथे जपानी नाव टाकलं की आज काय भाव चालू आहे ते कळतं. स्क्रीनशॉट काढून ठेवा. हा भाव माहीत नसेल तर दुकानातली लाल पाटी बघून तुम्हाला सगळंच स्वस्त वाटणार.

शेवटी बॅग मोजा. खरंच, टेप घेऊन मोजा. मोठ्या स्केल फिगरचा (पात्राच्या प्रमाणात केलेली, महागडी मूर्ती) खोका उंचीला ३०-३५ सेंटिमीटर सहज असतो आणि रुंदीलाही कमी नसतो, असे तीन खोके म्हणजे मधली सुटकेस संपली.

चेक: जपानी नावं, चालू भाव, बॅगेचं माप. तिन्ही फोनमध्ये आहेत का? नसतील तर निघू नका.

## २. दिवस आणि वेळ

सकाळी नऊला पोचून उपयोग नाही. बहुतेक दुकानं १० ते ११ च्या दरम्यान उघडतात, मांदाराके तर १२ ला, आणि बरीचशी रात्री ८ ला बंद होतात. योदोबाशी (इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं बहुमजली दुकान) मात्र साडेनऊ ते रात्री १० उघडं असतं. म्हणजे खरा वेळ ११ ते ८ एवढाच आहे आणि त्यात जेवण, पाय दुखणं, सगळं धरायचं.

मंगळवार किंवा गुरुवार निवडा. रविवारी दुपारी चुओ-दोरी हा मुख्य रस्ता गाड्यांना बंद असतो (१ ते ६, ऑक्टोबर ते मार्चमध्ये ५ पर्यंत), फोटोला मस्त, पण खरेदीला नको, कारण अरुंद दुकानांमध्ये एवढी गर्दी होते की शेल्फपुढे उभं राहून लेबल वाचता येत नाही. आणि आपल्याला लेबलं वाचायची आहेत, खाली सांगतो.

नाकानो ब्रॉडवेही (टोकियोतच, जुन्या मांगा-खेळण्यांच्या दुकानांची इमारत) करायचं असेल तर बुधवार टाळा, तिथली बरीच छोटी दुकानं बुधवारी बंद असतात.

## ३. पैसे आणि पासपोर्ट

मोठ्या दुकानात कार्ड चालतं. पण गाचापोन, क्रेन गेम (यांत्रिक पंजाने बक्षीस उचलायचा खेळ) आणि काही छोट्या दुकानांना रोख लागते, त्यातही १०० येनची नाणी. सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून परदेशी कार्डावर पैसे निघतात. मशीन किंवा कार्ड टर्मिनलने विचारलं की येनमध्ये घ्यायचे की रुपयात, तर नेहमी येन. रुपये दाबलं की मधला दलाल स्वतःचा रेट लावतो.

बजेट दोन पाकिटांत वेगळं ठेवा, एक खरेदीचं आणि एक गाचा-क्रेनचं. दुसरं संपलं की संपलं. हे मोठ्यांनाही लागू आहे.

आता टॅक्स-फ्री. जपानमध्ये १० टक्के कंझम्प्शन टॅक्स आहे. पर्यटक असाल आणि एकाच दुकानात एकाच दिवशी कर सोडून ५,००० येन किंवा जास्त खरेदी केली, तर टॅक्स-फ्रीची पाटी असलेल्या दुकानात तो कर वजा होतो. ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत तो दुकानातच वजा होतो. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलतेय: दुकानात पूर्ण पैसे भरायचे, देश सोडताना कस्टम्सकडून खात्री झाली की कर परत मिळणार. त्यानंतर जाणाऱ्यांनी विमानतळावर लवकर पोचा आणि बॅगा चेक-इन करण्याआधी ते काम उरका, कारण माल दाखवायची वेळ येऊ शकते.

सावधान: खरा पासपोर्ट लागतो. झेरॉक्स नाही, फोनमधला फोटो नाही. आणि पासपोर्ट ज्याचा, खरेदी त्याची. माझ्याकडे जपानचं रेसिडन्स कार्ड आहे म्हणून मला ही सवलत नाही, तरी दर वेळी कुणीतरी म्हणतंच, "मामा, तुम्हीच बिल करा, नंतर देतो." करू नका, दहा टक्के गेले.

## ४. स्टेशनातून बरोबर बाजूने बाहेर पडा

जेआरच्या (जपान रेल्वे) यामानोते, केइहिन-तोहोकु किंवा पिवळ्या सोबू लाइनने आलात तर "इलेक्ट्रिक टाउन एग्झिट" पकडा, पाट्या इंग्रजीतही आहेत. बाहेर आलं की रेडिओ काइकानची इमारत अगदी जवळ आहे. उएनोहून दोन स्टेशनं, टोकियो स्टेशनहूनही दोनच, शिंजुकुहून पिवळी लोकल थेट येते.

निशीकसाईला कुणाकडे उतरला असाल (आपली बरीच मंडळी इकडेच असतात) तर तोझाई लाइनने कायाबाचो, तिथे हिबिया लाइनला बदला, मग तिसरं स्टेशन अकिहाबारा. पण हिबिया लाइन शोवा-दोरीच्या बाजूला, म्हणजे उलट्या अंगाला बाहेर काढते. तिथे दुकानं कमी बघून लोक म्हणतात हेच का ते. नाही हो, जेआर स्टेशनच्या मधून जाणाऱ्या वाटेने पलीकडे जा.

लॉकर हवा असेल तर आधी लॉकर, मग बाकी सगळं. मोठे लॉकर दुपारपर्यंत भरतात.

## ५. पहिला फेरा: काहीही विकत घ्यायचं नाही

या लेखातली एकच पायरी पाळणार असाल तर ही पाळा. पहिले दोन तास फक्त बघायचं आणि भाव टिपायचे.

इथल्या इमारती उभ्या आहेत, पेन्सिलीसारख्या. रस्त्यावरून तळमजला दिसतो आणि तिथे असतो नवा, चकचकीत, पूर्ण भावाचा माल. वापरलेला, जुना, दुर्मिळ माल बहुतेक वर असतो. म्हणून लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर जायचं आणि जिन्याने एकेक मजला उतरायचं. खालून वर चढत गेलात तर चौथ्या मजल्यावर गुडघे बोलायला लागतात आणि आठवा मजला राहून जातो. लिफ्टजवळ कुठल्या मजल्यावर काय आहे याची पाटी असते, तिचा फोटो घ्या. त्याच पाटीवर प्रौढांसाठीचे मजले १८+ असे लिहिलेले असतात, मुलं बरोबर असतील तर हे आधी बघा, नाहीतर लिफ्टचं दार उघडल्यावर आत्याबाईंचा चेहरा बघण्यासारखा होतो.

माझा फेरा असा असतो: रेडिओ काइकान (एकाच इमारतीत फिगर, कार्ड, बाहुल्या, मॉडेल किटची वेगवेगळी दुकानं), मग चुओ-दोरी ओलांडून मागच्या गल्ल्यांमध्ये सुपर पोटॅटो (जुने गेम), मग उत्तरेकडे सरकत मांदाराकेची आठ मजली काळी इमारत, वाटेत सुरुगायाची दुकानं. योदोबाशी स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला आहे आणि उशिरापर्यंत उघडं असतं, म्हणून ते शेवटी.

रेडिओ काइकानमध्ये आणि आणखी काही इमारतींमध्ये काचेच्या छोट्या कपाटांच्या रांगा दिसतील. ही कपाटं वेगवेगळ्या लोकांनी भाड्याने घेतलेली असतात आणि किंमत ज्याची तो ठरवतो. त्यामुळे एकाच दुकानात तीच मूर्ती एका कपाटात ४,००० आणि चार कपाटं सोडून २,८०० ला असू शकते. आवडलं की कपाटाचा नंबर टिपा, कारण परत आल्यावर शंभर सारखी कपाटं असतात आणि तुम्हाला आठवत नाही.

सावधान: दुकानात फोटो काढायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. भाव हाताने टाइप करा. आणि पाठीवरची सॅक पुढे घ्या. गल्ल्या इतक्या अरुंद असतात की तुम्ही वळता आणि सॅक शेल्फ साफ करते.

यादीत नसलेलं काही आवडलं तर? टिपून ठेवा. दोन तासांनी अजून आठवत असेल तर घ्या. अपवाद एकच: एकच नग असलेली, वर्षानुवर्षं शोधत असलेली वस्तू तुमच्या भावात मिळाली तर तिथल्या तिथे उचला, मला फोन पण करू नका.

## ६. वापरलेल्या मालाचं लेबल वाचायला शिका

"सेकंड हॅन्ड" म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडतात. इथे वापरलेला म्हणजे कित्येकदा खोका उघडलेलासुद्धा नसतो. पण लेबलवर काय लिहिलंय ते कळलं पाहिजे. हे शब्द ट्रान्सलेट अॅपमध्ये टाकून जपानी लिपीतला स्क्रीनशॉट जवळ ठेवा, म्हणजे लेबलाशी ताडून बघता येईल:

- शिन्पिन: नवा
- चूको: वापरलेला
- मिकाइफू: खोका न उघडलेला. हा शब्द दिसला की अर्धी काळजी मिटली
- काइफू-झुमी: उघडलेला, म्हणजे आतले सुटे भाग आहेत का ते विचारा
- हाको-इतामी: खोका चेपलेला, मूर्तीचं काही नाही. खोका जपून ठेवणार नसाल तर हाच माल घ्या, उत्तम सौदा
- हाको-नाशी: खोकाच नाही. भारतात न्यायचं असेल तर टाळा
- नान-आरी: काहीतरी खोट आहे, काय ते बाजूला लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय घेऊ नका
- जंक: चालण्याची हमी नाही, परत घेणार नाहीत

अॅमिअॅमीच्या वापरलेल्या मालावर मूर्तीचा आणि खोक्याचा दर्जा ए, बी असा वेगवेगळा दिलेला असतो. मूर्ती ए आणि खोका बी हे बघितलं की मी लगेच हात घालतो.

आणखी एक खूण: क्रेन गेममध्ये बक्षीस म्हणून येणाऱ्या फिगरना "प्राइझ" म्हणतात. त्या वापरलेल्याच्या दुकानात बऱ्याचदा दीड-दोन हजार येनला मिळतात. स्केल फिगर वेगळ्या, त्या पंधरा-वीस हजारांच्या घरात आणि पुढे. फोटोत दोन्ही सारख्या दिसतात, हातात घेतल्यावर रंगकामातला फरक कळतो. प्राइझ फिगरला स्केलचे पैसे देऊ नका एवढंच.

## ७. जेवा, बसा, मग दुसरा फेरा

दोन वाजेपर्यंत काहीतरी खा. शाकाहारी असाल तर उपाशीपोटी दुकान शोधायला निघू नका, इथे साध्या दिसणाऱ्या रश्शातही माशाचा अर्क असतो. जवळ थेपले, चिवडा असू दे, किंवा सरळ भारतीय-नेपाळी हॉटेल गाठा. रस्त्याने खात चालू नका आणि कचऱ्यासाठी पिशवी ठेवा, डबे सापडत नाहीत. रस्त्यावर सिगारेट ओढली तर चियोदा वॉर्डात दंड आहे, २,००० येन.

गल्ल्यांमध्ये मेडच्या वेषातल्या मुली पत्रकं वाटतात. मेड कॅफेला (जिथे मोलकरणीच्या वेषातल्या मुली वाढतात) जायचं असेल तर जरूर जा, पण दुकान आधी स्वतः शोधून, दरपत्रक बघून. साधारण पद्धत अशी की तासाचे बसायचे पैसे वेगळे, वर प्रत्येकाने काहीतरी मागवायचं, आणि मेडबरोबर फोटोचे पैसे परत वेगळे. रस्त्यावरून कुणी हाताने बोलावून एखाद्या इमारतीत नेत असेल तर जायचं नाही.

आता खरेदी. टिपलेले भाव बघा आणि टॅक्स-फ्रीचे ५,००० एकाच दुकानात कसे बसतील ते जुळवा. तीन दुकानांत दोन-दोन हजाराचं घेण्यापेक्षा एकाच ठिकाणी शे-दोनशे येन जास्त देऊन सहा हजाराचं घेतलं तर कर वाचून तेच स्वस्त पडतं.

सावधान: बऱ्याच बहुमजली दुकानांत ज्या मजल्यावरचा माल त्याच मजल्यावर पैसे द्यायचे असतात. हातात वस्तू घेऊन जिना उतरू नका. मजल्यामजल्यांची बिलं टॅक्स-फ्रीला एकत्र होतात का ते पहिल्याच काउंटरवर विचारा, नंतर नाही.

काचेतली वस्तू बघायची असेल तर "सुमिमासेन, कोरे मिसेते कुदासाई" म्हणा आणि बोट दाखवा. माणूस किल्ली घेऊन येतो. उघडलेला माल असेल तर पैसे देण्याआधी काउंटरवरच बघा: हात, तलवार, स्टँड, बदलायचे चेहरे. घासाघीस करू नका, तुळशीबाग नाही ही.

## ८. गाचापोन, क्रेन आणि लॉटरी

हे मुद्दाम उशिरा ठेवलंय. सकाळी सुरू केलंत तर दुपारी पाकिटात फक्त नाणी उरतात.

गाचापोन बहुतेक ३०० ते ५०० येन. मशीनवरचं चित्र बघा, संचात सहा प्रकार असतील तर तुम्हाला हवा तोच यायची शक्यता सहात एक. दोनदा फिरवा, नाही आला तर सोडा. सुरुगाया, मांदाराकेमध्ये उघडलेले गाचा सुटे मिळतात, तिथे हवा तोच घेता येतो.

क्रेनला साधारण १०० येनला एक डाव. माझ्या भाच्याने एका फिगरवर ४,३०० येन घातले, मिळाली नाही, आणि त्याच रस्त्यावर ती १,६०० ला होती. नियम करा: आधी त्या फिगरचा दुकानातला भाव बघायचा, तेवढे पैसे क्रेनमध्ये गेले की थांबायचं. खोका अडकला तर तिथल्या कर्मचाऱ्याला हाक मारा, बरेचदा ते सरकवून देतात.

इचिबान कुजी ही चिठ्ठीची लॉटरी आहे, पण रिकामी चिठ्ठी नसते. काउंटरजवळ कुठली बक्षिसं उरली त्याचा तक्ता असतो. मोठी मूर्ती आधीच गेली असेल तर रुमाल आणि कीचेनसाठी पैसे घालू नका. कार्डांच्या दुकानात "ओरिपा" नावाची दुकानाने स्वतः भरलेली पाकिटं असतात, तो सरळ जुगार आहे, नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

## ९. गेम आणि इलेक्ट्रॉनिक्स: इथे पैसे जळतात, कधी खरोखर

जपानमध्ये वीज १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. माझ्या मित्राने जुना कन्सोल नेला, पुण्यात फक्त पिन बदलणारा अॅडॉप्टर लावला आणि बटण दाबलं. वास आला, खेळ खलास. पिन बदलणं आणि व्होल्ट बदलणं वेगळं. वस्तूमागचं किंवा चार्जरवरचं लेबल वाचा: "१०० ते २४०" असेल तर बिनधास्त, नुसतं "१००" असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागणार, त्याचा खर्च धरूनच सौदा ठरवा.

गेमचं असं: गेम बॉयच्या काडतुसांना (गेमच्या कार्ट्रिजना) देशाचं बंधन नाही, ती बिनधास्त घ्या. निन्तेन्दो ३डीएसचे गेम आणि जुन्या प्लेस्टेशन १-२ च्या डिस्क रीजनला (देशांच्या गटाला) बांधलेल्या असतात, इकडचा गेम तिकडच्या मशीनवर चालत नाही. निन्तेन्दो स्विचचे गेम चालतात, पण इंग्रजी आहे का ते मागच्या बाजूला बघा. आणि स्विच २ कन्सोल स्वस्त दिसला म्हणून उड्या मारू नका, दुकानात मिळणारा तो फक्त जपानी भाषेचा असतो आणि जपानच्या अकाउंटवरच चालतो. ब्लू-रे आणि डीव्हीडीचेही रीजन आपल्यापेक्षा वेगळे आहेत, शोभेसाठी घेणार असाल तर गोष्ट वेगळी.

गनप्लाचे किट न्या, रंग आणि थिनर नाही. स्प्रे आणि थिनर ज्वलनशील, विमानात नेऊ देत नाहीत. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या एअरसॉफ्ट बंदुका तर बघायच्या आणि पुढे जायचं.

## १०. वेळ उरला तर नाकानो

यादीतलं जुनं, विचित्र काही मिळालं नसेल तर दुसऱ्या दिवशी पिवळ्या लाइनने थेट नाकानोला जा, गाडी बदलायची नाही. उत्तरेच्या दाराने बाहेर पडून सन मॉलच्या छपराखालून सरळ चालत गेलं की टोकाला ब्रॉडवे. मांदाराकेचं मूळ घर हेच, आणि त्यांची विषयवार छोटी दुकानं मजल्यांवर विखुरलेली आहेत. बाराच्या आधी जाऊ नका. जुन्या खेळण्यांसाठी मला अकिहाबारापेक्षा हेच आवडतं, गर्दीही कमी.

## ११. पॅकिंग

खोके कपड्यांच्या मध्ये, सुटकेसच्या भिंतीला न चिकटवता. नाजूक मूर्ती हातातल्या बॅगेत, पण केबिनचं सात किलोचं गणित लक्षात ठेवून. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये अजिबात नाही. खोका उघडून सपाट करायचा मोह झाला तर आतला प्लास्टिकचा साचा तरी फेकू नका, मूर्तीचं खरं संरक्षण तेच करतं.

सगळी बिलं एका पाकिटात ठेवा. भारतात उतरल्यावर ड्युटी-फ्री मर्यादेपुढचा माल असेल तर जाहीर करावा लागतो, मर्यादा निघण्याआधी कस्टम्सच्या साइटवर बघून घ्या. एकाच फिगरचे सहा नग मित्रांसाठी आणले तर ते विकायचे नाहीत हे अधिकाऱ्याला पटवणं तुमचं काम. आणि बिल येनमध्ये, जपानी लिपीत असतं, तेव्हा प्रत्येक बिलामागे पेनाने वस्तू काय ते इंग्रजीत लिहून ठेवा, त्याच रात्री हॉटेलवर, कारण घरी पोचेपर्यंत कुठलं बिल कशाचं हे तुम्हालाही आठवत नाही.